गलबताच्या पोटातली माणसं

शंख वाजला तेव्हा टॅमर अंगणात कासवाच्या मांसाला मीठ चोळत होती. एक लांब फुंक आणि मागोमाग दोन तुटक. अनेगाडा बेटावर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळायचा: गलबत खडकावर चढलं.

बेट इतकं सखल की समुद्रावरून येणाऱ्याला ते दिसायचंच नाही. आधी लागायचे ते त्याच्याभोवतीचे प्रवाळाचे दात, आणि तेही पोट फाटल्यावर. दरवर्षी एखाददुसरं गलबत तिथे मरायचं आणि बेटाला फळ्या, दोर, कापड, दारूची पिंपं मिळायची. फुटक्या गलबतावर जो आधी पाय ठेवील त्याचा वाटा मोठा, ही बेटाची रीत. त्यामुळे शंख वाजला की पुरुष हातातला घास टाकून होड्यांकडे पळायचे.

टॅमर काही उठली नाही. साठी केव्हाच ओलांडली होती तिने. मालक मरताना तिला गुलामीतून मोकळी करून गेला होता आणि आता तिला कोणाच्याही हाकेसरशी उठायचं नव्हतं.

पण ऊन चढायच्या आत जेफ्था परत आला. तिनेच लहानाचा मोठा केलेला, बेटावरचा सगळ्यांत तरबेज तांडेल. होडीत एक फळीसुद्धा नव्हती. तो किनाऱ्यावरून धावत आला आणि अंगणात उभा राहून नुसता धापा टाकत राहिला.

"काय रे, रिकाम्या हाताने?" टॅमर म्हणाली. "दुसऱ्या कोणी गाठलं वाटतं आधी?"

"मीच गाठलं. मावशी, तू चल."

"मी? फुटक्या गलबतावर? डोकं फिरलंय का तुझं? माझ्याच्याने उंबरा ओलांडवत नाही."

"मावशी, त्याच्या पोटात माणसं आहेत."

तिचा हात मांसावर तसाच राहिला.

"गुलाम नेणारं पोर्तुगीज गलबत आहे," जेफ्था म्हणाला. "खाली उतरायच्या तोंडावर जाळी ठोकलीय आणि कप्तान पिस्तूल घेऊन वर उभा आहे. खालून ओरडतायत, हात बाहेर काढतायत. काय बोलतात एक अक्षर कळत नाही. तू त्यांच्या मुलखातली आहेस."

"मी कुठलीच नाही." ती फटकन म्हणाली. "एवढीशी होते मी, आणलं तेव्हा. माझं नावसुद्धा मला आठवत नाही, आणि म्हणे बोल त्यांच्याशी! जा, ज्याला येतं त्याला ने."

"आहे कोण दुसरं?"

काँगोकडून आलेला शेवटचा म्हातारा गेल्या चक्रीवादळात दगावला होता. तिने हातावरचं मीठ झटकलं, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि म्हणाली, "बुडवलंस तर बघ मेल्या."

होडीत वल्ह्यावर आबेल होता, जेफ्थाचा जोडीदार. सदा काहीतरी टवाळी करणारा. आज तो मान खाली घालून नुसतं वल्हं मारत होता. प्रवाळाच्या फटीतून होडी बाहेर पडली तशी लाट तिला उचलून आपटू लागली. टॅमरने दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला. आणि मग तिला ते दिसलं. गलबत एका कुशीवर कललं होतं, डोलकाठ्या तोडून टाकलेल्या, दोर पाण्यात लोंबत होते. त्याच्या बाहेरच्या अंगाला पाणी काळंनिळं, अथांग. प्रत्येक लाटेसरशी ते त्या खोल अंगाकडे थोडं झुकायचं आणि कण्हत परत यायचं.

"ओहोटी संपत आलीय," जेफ्था म्हणाला. "भरती लागली की उचललं जाईल आणि बाहेर घसरेल."

टॅमरला दोर बांधून वर ओढून घेतलं. डेकवर खलाशी आपली होडी सोडायच्या गडबडीत होते. पेट्या आणि बोचकी खाली जात होती. कप्तान जाळीपाशी उभा होता. तरुणच होता, गाल बसलेले, डोळे लाल. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं.

"पहिले माझे लोक आणि पेट्या," तो जेफ्थाला म्हणाला. "मग तुमचं काय ते."

"आणि हे?"

"उघडलं तर सगळे एकदम वर येतील. ज्या बाजूला पळतील त्या बाजूला गलबत उलटेल. मग तूही मरशील, हे पण मरतील." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मला आनंद होतोय असं वाटतं तुला?"

वाईट गोष्ट ही की तो खोटं बोलत नव्हता. जेफ्थाने टॅमरकडे पाहिलं. त्यालाही ते दिसत होतं.

टॅमर जाळीपाशी गुडघ्यावर बसली. खालून वास आला. इतकी वर्षं तिने अशाच गलबतातून लहानपणी झालेल्या प्रवासातलं काही म्हणता काही आठवू दिलं नव्हतं. पण नाकाला कोण आवर घालणार? तिला वाटलं, आता उठावं, होडीत बसावं, घरी जावं. खाली अंधारात डोळे चमकत होते. दोन-चार हात जाळीतून वर आले आणि एकाने तिच्या झग्याचा काठ धरला.

"बोल ना, मावशी!"

"काय बोलू? काय बोलू रे?"

ती बोलली ते इंग्रजीच निघालं. खाली गलका वाढला. साखळ्या फळ्यांवर आपटू लागल्या आणि गलबत करकरत बाहेरच्या अंगाला झुकलं. एक खलाशी किंचाळला. डेकवरचं पिंप घरंगळत जाऊन समुद्रात पडलं.

तेव्हा टॅमरच्या तोंडून आपोआप निघालं, "मालेंबे!"

कुठून आला तो शब्द, तिला कळेना. मग एक निसरडी पायवाट डोळ्यांपुढे आली, खाली ओढा, आणि मागून येणारा आईचा आवाज. सावकाश. हळू चाल. "मालेंबे," ती पुन्हा म्हणाली. "मालेंबे, मालेंबे."

खालचा गोंगाट थोडा ओसरला. जाळीच्या अगदी खालून एका बाईचा आवाज आला. ठाम, घोगरा. तिने काहीतरी विचारलं. टॅमरला कळलं नाही. बाईने तेच पुन्हा विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. त्यातला एक शब्द लागला: लेकरू. मग दुसरा: कोणाचं.

तू कोणाची लेक?

कोणाची म्हणून सांगणार? "मामा," ती एवढंच म्हणाली. मग छातीवर हात ठेवून, "टॅमर."

"लेंबा," खालून उत्तर आलं.

"झालं का ओळखपाळख?" आबेल दातओठ खात ओरडला. "इकडे गलबत बुडतंय!"

"गप्प बस!" जेफ्था त्याच्यावर खेकसला. तो कठड्यावर वाकून बेटाकडच्या अंगाचं पाणी पाहत होता. तिकडे हाकेच्या अंतरावर प्रवाळाचा एक सपाट पट्टा होता. ओहोटीला त्यावर कमरेइतकंच पाणी राहायचं. "आबेल, हा दोर घे. त्या पट्ट्यावर जा आणि खडकाला बांध. माणसं दोराला धरून जातील. बेटावरच्या बाकीच्या होड्यांना हाळी घाल, तिथून उचलून किनाऱ्याला न्या म्हणावं."

"ते फळ्यांसाठी आलेत, माणसांसाठी नाही."

"मग सांग त्यांना, जो आज रिकामा परत जाईल त्याला पुढे कुठल्याच गलबतावर मी पाय ठेवू देणार नाही!"

आबेल दोर घेऊन उतरला. जेफ्थाने कुऱ्हाड उचलली आणि जाळीकडे वळला. कप्तानाचं पिस्तूल वर आलं.

"मार," जेफ्था म्हणाला. "मग तुझ्या खलाशांना या फटीतून किनाऱ्याला कोण नेणार? तुझी होडी भरलीय, तिला पाण्यातले दात माहीत नाहीत. उजवीकडचा पांढरा फेस सोडून डावीकडून जा. ही वाट मी तुला फुकट दिली. आता बाजूला हो."

होडीतून कप्तानाचे लोक त्याला हाका मारत होते. शेवटी त्याने कमरेची बेड्यांची किल्ली सोडली, टॅमरच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "पाप तुमच्या माथी." मग तो कठडा ओलांडून गेला.

पण पुरुष दोघादोघांच्या जोडीने पायांत जखडलेले होते. जाळी आधी उघडली तर जो तो दुसऱ्याला ओढत धावला असता. टॅमरने किल्ली जाळीतून खाली धरली. एका हाताने ती घेतली. घेताना तिची बोटं क्षणभर घट्ट दाबली. "मोसी," टॅमर म्हणाली आणि एक बोट दाखवलं. एक. मग पुन्हा एक. "मोसी, मोसी. मालेंबे."

लेंबाचा आवाज अंधारात फिरू लागला. ती पुढे जाईल तसा तो दूर जात होता, आणि कड्या पडल्याचा खणखणाट होत होता. कोणी ओरडलं की ती दरडावायची. दुसऱ्या भाषेतले लोकही असावेत, कारण मग तेच शब्द निराळ्या तोंडांनी निराळे होऊन पुढे जायचे.

जेफ्थाने जाळी फोडली. पहिली एक मुलगी वर आली आणि उजेडाने डोळे झाकून तिथेच बसली. टॅमरने तिला दंडाला धरून दोरापाशी नेलं. मग दुसरी. मग तान्हं मूल छातीशी धरलेली एक बाई. तिला जेफ्था स्वतः खांद्यावर घेऊन उतरला. पट्ट्यावर माणसांची रांग वाढू लागली आणि होड्या येऊ लागल्या. शिव्या देत का होईना, पण आल्या.

मग पुरुष. तिसरा की चौथा वर आला आणि समोर जमीन पाहून त्याने धाव घेतली. मागचे त्याच्यामागे उसळले. गलबत हेलकावलं, खालून फळ्या फुटल्याचा आवाज आला. टॅमर दोन्ही हात पसरून त्या तोंडावर आडवी उभी राहिली. कोणाचा तरी खांदा तिच्या बरगडीत बसला, पण ती हलली नाही. आई ज्या सुरात ओरडायची त्याच सुरात ती ओरडली, "मालेंबे!" समोरचा धिप्पाड माणूस थबकला. त्याने मागच्यांना हातांनी थोपवून धरलं, आणि मग शेवटपर्यंत तो तिथेच उभा राहून एकेकाला वर काढत राहिला.

भरती लागली. गलबत आता लाटेबरोबर उचललं जात होतं.

"मावशी, बस्स!"

"लेंबा खाली आहे."

खाली पाणी शिरलं होतं. ज्यांना उठवत नव्हतं असे आजारी मागे राहिले होते, आणि त्यांच्यातूनच तिचा आवाज येत होता. टॅमरने हाक मारली. आवाज बंद झाला. पुन्हा हाक मारली. मग तो धिप्पाड माणूस पाण्यात उतरला, आणि वर आला तेव्हा त्याच्या पाठीवर एक बाई होती. तिचा पाय गुडघ्याखाली चेचलेला. ती मागे हात करून त्याच घोगऱ्या आवाजात खालच्यांकडे काहीतरी ओरडत होती. तिला घेऊन तो दोराने उतरला, आणि जेफ्थाने टॅमरला कमरेला धरून समुद्रात उडी घेतली. त्यांच्या मागे गलबत प्रवाळावरून सरकलं, कुशीवर पडलं आणि खोल पाण्यात गेलं. आत राहिलेल्यांचा आवाजसुद्धा कोणाला ऐकू आला नाही.

कप्तान आणि त्याचे लोक त्याच दुपारी एक गलबत ठरवून पोर्तो रिकोकडे पसार झाले. बुडालेल्या गलबतात किती माणसं होती हे सांगणारं बेटावर कोणी उरलं नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या टॉर्टोला बेटावरून सरकारी जहाज आलं. लाल कोटातला अधिकारी सभ्य होता. किनाऱ्यावर बसलेल्या लोकांकडे बोट दाखवून तो टॅमरला म्हणाला, "यांना सांग, माणसं आणून विकायला आता कायद्याने बंदी आहे. ते मोकळे आहेत."

"मग नेता कुठे त्यांना?"

"मळ्यांवर, घरांमध्ये. काम शिकायला. चौदा वर्षांचा करार असतो."

"मला तीनच शब्द येतात, साहेब," टॅमर म्हणाली. "त्यांत हे बसत नाही."

तो धिप्पाड माणूस होडीत चढताना तिच्यापुढे थांबला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन काही बोलला. तिला त्यातलं काहीही कळलं नाही. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

अधिकाऱ्याने किनाऱ्यावर एकवार नजर टाकली. "एवढेच वाचले? बायका फारच कमी दिसतात."

जेफ्था वाळूकडे बघत होता. मिठाच्या तळ्यामागच्या झुडपांत लेंबा होती, पायाला लाकडाच्या खपच्या बांधलेली. तान्ह्या मुलाची आई होती, आणि ती पहिली वर आलेली मुलगी. सापडल्या असत्या तर जेफ्थाची होडी जप्त झाली असती आणि पाठ सोलून निघाली असती.

"बाकीच्या समुद्रात आहेत, साहेब," टॅमर म्हणाली. "जाऊन विचारा त्याला."

अधिकाऱ्याने टोपी काढली, क्षणभर तशीच हातात धरली आणि तो होडीकडे वळला.

जहाजाचं शीड दिसेनासं झाल्यावर जेफ्था वाळूत बसला. "मावशी, तुझी जीभ आहे की सुरी?"

"ऊठ," ती म्हणाली. "त्या पोरी सकाळपासून उपाशी आहेत." आणि कासवाच्या कालवणाचं मडकं डोक्यावर घेऊन ती तळ्याच्या वाटेला लागली.