मोकळी खुर्ची

मी एक जुनी विजेची खुर्ची आहे. लगेच मागे सरकू नका, मित्रांनो. गुन्हेगारांना शिक्षा देण्यासाठी जी असते, ती मी नव्हे. माझ्या बुडाशी दोन बॅटऱ्या आहेत, मागच्या दोन चाकांना एकेक मोटर आणि उजव्या हाताखाली बोटभर उंचीची दांडी. दांडी पुढे ढकलली की मी चालते, सोडली की थांबते. ज्यांना पायांनी चालता येत नाही त्यांना मी हवं तिथे नेते. खरं तर तेच मला नेतात.

माझी जुळणी करणाऱ्या बाई प्रत्येक स्क्रू घट्ट केला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायच्या. पुढे कोणी तो स्क्रू सैल केला तर ठिपका तुटलेला दिसावा, हा हेतू. म्हणजे माझ्यावर कोणीतरी हात चालवणार, हे जन्माआधीच गृहीत धरलेलं होतं. तेव्हापासून मी माझे ठिपके सांभाळते आणि जवळ येणाऱ्या हातांकडे बघत राहते.

माझे पहिले मालक म्हातारे घड्याळजी होते. ते माझं फार कौतुक करायचे, आल्यागेल्याला माझी वळणं दाखवायचे. एकदा मला दुरुस्तीला नेलं, तर तिथल्या माणसाने माझी चांगली बॅटरी काढून घेतली आणि दमलेली बसवली. चढावर माझा वेग कमी झाला. घड्याळजींना वाटलं, आपलंच वजन वाढलं. बिचाऱ्यांनी भात सोडला. ते गेल्यावर मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. माझ्यावर आधी सुटकेसी आल्या, मग ओल्या छत्र्या, आणि शेवटी तर कोणी माझ्यासाठी दारही उघडेना.

तिथून मला या घरी आणलं. इथल्या मुलीला सगळे ‘ड्रायव्हर’ म्हणतात. तिचाही कोणावर चटकन विश्वास बसत नाही, म्हणून आमचं जमलं. लोक न विचारता मागून मला धरतात आणि ढकलायला लागतात, हे तिला मुळीच खपत नाही. तिने माझ्या हातावर सायकलचा गोल आरसा बसवून घेतला. मागून कोण येतंय ते त्यात दिसतं. बहुतेक वेळा तिची आईच दिसते.

आता एक शब्द समजून घ्या. माझ्या मागे, चाकांजवळ, दोन लाल खटके आहेत. दोन्ही वर असले की मी गियरमध्ये असते आणि फक्त दांडीचं ऐकते. खाली केले की मी ‘मोकळी’ होते. तुम्हाला हा शब्द छान वाटेल. आमच्यात मात्र मोकळी म्हणजे कोणीही ढकलावं अशी. एक खटका जरी खाली राहिला तरी दांडी मुकी होते आणि लाल दिवा लुकलुकत राहतो.

त्या वर्षी विमानाने एका मोठ्या खेळनगरीला जायचं ठरलं. तिथे तळं होतं, तळ्याकाठी आत बसून गरगर फिरायचे अजस्र कप होते. पण ड्रायव्हरला कपांचं तेवढं अप्रूप नव्हतं. तिने आईकडून एक वचन घेतलं होतं. फाटकापासून तळ्यापर्यंत तिने एकटीने जायचं आणि आईने फाटकाशी बसून राहायचं. आई औषधांच्या दुकानात काम करते. प्रत्येक पाकिटावरची तारीख ती दोनदा वाचते. अशा बाईने अट घातली नसती तरच नवल. ती म्हणाली, खुर्ची नीट चालत असेल तर.

विमानतळावर तपासणीच्या माणसाने मी कोण ते विचारलं. बरोबर मामा होता. त्याने अभिमानाने सांगितलं, “विजेची खुर्ची.” तो माणूस दोन पावलं मागे गेला आणि शॉक लागतो का म्हणाला.

“माझ्या बहिणीपेक्षा कमीच,” मामा म्हणाला.

त्यानंतर माझी तपासणी बराच वेळ चालली.

विमानाच्या दाराशी ड्रायव्हरला उचलून एका अरुंद खुर्चीत बसवलं आणि मला सामान चढवणाऱ्या, लोकरीची टोपी घातलेल्या एका मिशीवाल्याच्या ताब्यात दिलं. त्याची नजर मला आवडली नाही. तो माझ्याभोवती फिरला, खाली वाकला, दांडीला बोट लावून बघितलं. मला दुरुस्तीवाला आठवला. मग त्याने आईला विचारलं, ही मोकळी कशी करायची? उत्तर ड्रायव्हरने दिलं, “काका, मला विचारा. खुर्ची माझी आहे.”

मिशीवाला तिच्यासमोर उकिडवा बसला. तिने सांगितलं तसे त्याने दोन्ही खटके खाली केले. मला हे सोंग वाटलं. मला विमानाच्या पोटात नेल्यावर त्याने डोक्यावरची ती टोपी काढून माझ्या दांडीवर घट्ट ओढली, तेव्हा तर खात्रीच पटली की हा काहीतरी झाकतोय. अंधारात, गार हवेत, मी वाटभर माझे ठिपके आठवत बसले.

उतरल्यावर मला कोणी वेगळ्याच माणसाने बाहेर आणलं. आईने टोपी काढून संशयाने आत-बाहेर पाहिली, माझ्या पाठीला लटकणाऱ्या पिशवीत कोंबली आणि माझ्या हातावरच्या ओरखड्यावरून त्या माणसाशी वाद घातला. ओरखडा जुना होता, घड्याळजींच्या वेळचा. मामाने ड्रायव्हरला माझ्यावर बसवलं आणि मोकळीच ढकलत भाड्याच्या गाडीत चढवलं. तिथे आईने मला पट्ट्यांनी बांधलं. वाद तिच्या तोंडात अजून चालूच होता. बोलता बोलता तिने डावा खटका वर केला.

खेळनगरीच्या फाटकाशी पट्टे सुटले. ड्रायव्हरने बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला. दांडी मुकी.

“आई, खटके?”

“दोन्ही वर केलेत. मी स्वतः.”

आईने स्वतः केलं म्हटल्यावर त्या घरात पुन्हा कोणी बघत नाही. मामा म्हणाला, त्या मिशीवाल्याची नजरच ठीक नव्हती. मला मामाचं पटलं, मित्रांनो, आणि माझ्याच अंगाला लागलेला खटका मी विसरले. फाटकावरच्या बाईंनी लगबगीने हाताने ढकलायची खुर्ची आणली. आई म्हणाली, असू दे, मी नेते तुला. हे ती फार पटकन म्हणाली. मला तिचाही संशय आला.

ड्रायव्हर त्या खुर्चीकडे बघायलाही तयार नव्हती. मी गाडीतच थांबते, तुम्ही जाऊन या, एवढंच बोलली. मग माझ्या पिशवीतली टोपी तिच्या हाताला लागली. ती तिने उलटीसुलटी केली.

“आई, गारठ्यात स्वतःची टोपी काढून हिला घालणारा माणूस हिला मोडेल का गं?”

आई माझ्या मागे जाऊन खाली बसली. तिची बोटं डाव्या खटक्यावरून उजव्या खटक्यावर आली आणि तिथेच थांबली. ती बराच वेळ तिथेच होती. समोर ती दुसरी खुर्ची तयार होती, आणि हे खालचं मला सोडून कोणालाही दिसत नव्हतं.

मग टक असा आवाज झाला. दिवा हिरवा झाला.

“मोकळी राहिली होती,” आई म्हणाली. “माझ्याकडून.”

“आता तू इथेच बसायचं.”

“बसते.”

आम्ही निघालो. आरशात मी पाहत होते. आई एक पाऊल पुढे आली, थांबली, आणि मागे जाऊन फाटकाजवळच्या बाकावर बसली. आपली पिशवी मांडीवर घेऊन तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. तळ्यापर्यंतच्या उतारावर एका भल्या गृहस्थाने न विचारता मला मागून धरलं. ड्रायव्हर म्हणाली, नको, आणि त्याने हात सोडले. कपांवरच्या माणसांनी, ती सांगेल तसं, तिला उचलून कपात बसवलं. ती गरगरत होती तोवर मी कठड्यापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवली. कोणीही माझं काही घेतलं नाही.

आई तो खटका विसरली होती, की तिला विसरायचं होतं? मला अजून ठाऊक नाही. मिशीवाल्याबद्दल मात्र मी चुकले होते. त्याच्या टोपीने आता माझी दांडी झाकतात.

मित्रांनो, माझ्यासारखी खुर्ची दिसली तर मदत जरूर करा, पण हात लावण्याआधी विचारा. मागे उभं असणाऱ्याला नका विचारू, बसलेल्याला विचारा. आणि काम झालं की दोन्ही खटके बघा. दोन्ही.

आरसा अजून माझ्या हातावर आहे. ड्रायव्हर हल्ली त्यात केस ठीक करते. मागे कोण आहे ते मी पाहते.