आरशाचा पत्रा

“त्याला सांग, कड जमिनीला टेकवू नको म्हणावं.”

पत्र्याचं एक टोक दादाच्या हातात होतं, दुसरं त्याच्या धाकट्या भावाच्या. दोघांत अंतर जेमतेम एका पत्र्याचं, पण निरोप मात्र वहिनीमार्फत. ती सलूनचं दार पाठीनं धरून उभी होती. तिनं मान दिराकडे वळवली.

“भाऊजी, कड टेकवू नका.”

“टेकलेली नाहीये म्हणावं.”

“टेकलेली नाहीये हो,” तिनं नवऱ्याला सांगितलं. टपाल खात्यात लागले असते तर निदान वर्दी तरी मिळाली असती, असं तिच्या मनात आलं.

हे सगळं याच सलूनपायी सुरू झालं होतं. आतली लाकडी भिंत काचेचं वजन पेलणारी नव्हती, म्हणून सलूनवाल्या बाईंना आरशासारखा चकचकीत, वरून लेप दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा हवा होता. दादानं नमुने मांडले. चांदीसारखा, गुलाबी, करडा. स्वतः तो चांदीच्या बाजूनं बोलत होता. बाईंनी सहज धाकट्याला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” त्यानं करडा तुकडा उचलून दिव्याखाली धरला आणि म्हणाला, “हा घ्या. बोटांचे ठसे कमी दिसतात, डोळ्यांवर चमकही येत नाही.” त्यावर दादा हसत हसत बोलून गेला, “त्याला काय विचारता? तो नुसता धरायला असतो.”

बाईंनी घेतला करडाच. पण धाकट्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते लागलंच. मग एके दिवशी त्यानं वहिनीला सांगितलं की दुसऱ्या शहरात लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात त्याला जागा मिळाली आहे. “एवढी भिंत उरकली की निघालो.” तिनं ते जेवताना नवऱ्याच्या कानावर घातलं. “जाऊ दे,” तो म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

ती या घरात आली तेव्हा दीर शाळेत होता. त्याचे डबे तिनं भरले होते. तो नोकरीला जातोय याचं तिला दुःख नव्हतं. पण मनात ही अढी घेऊन गेला, तर परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोघेही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

काम मात्र बिनबोभाट चाललं होतं. हा पत्रा मोठा नाजूक. एकावरून दुसरा ओढायचा नाही, अलगद उचलायचा. मधे वाळूचा एक कण असला तरी ओरखडा उठतो. हातात सुती मोजे. वरची प्लास्टिकची फिल्म काम संपेपर्यंत काढायची नाही. त्या फिल्मवर बाण छापलेले असतात आणि भिंतीवर सगळे बाण एकाच दिशेला लागतात. एखादा तुकडा उलटा बसला, तर तो शेजारच्यांपेक्षा काळपट दिसतो. फिल्म असेपर्यंत ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा गोंद घट्ट धरलेला असतो. म्हणून प्रत्येक तुकडा लावण्याआधी दादा मोठ्यानं म्हणायचा, “बाण वर!” इतक्या वर्षांत त्याचा बाण कधी चुकला नव्हता.

शेवटचा तुकडा खाकी कागदात गुंडाळलेला निघाला.

“हे काय?” धाकट्यानं वहिनीकडे पाहिलं.

“फिल्म कडेला सुटली होती, म्हणून काल वरून कागद लावला,” दादा भिंतीकडे बघत म्हणाला.

“बाण?”

“वरच आहे म्हणावं.”

त्यांनी तो तुकडा उचलला, जागेवर टेकवला, तळव्यांनी दाबत गेले. मग गोंद धरेपर्यंत तिघंही तीन कोपऱ्यांत बसले. धाकट्यानं आपली हत्यारं पिशवीत भरायला घेतली. एकेक पाना फडक्यानं पुसून.

फिल्म सोलायचं काम वहिनीचं. आधी तिनं शेवटच्या तुकड्यावरचा कागद काढला, आणि तिचा हात थबकला. खालची फिल्म कुठेच सुटलेली नव्हती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नव्यासारखी घट्ट. आणि बाण सगळे खाली.

तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता, पण पीत नव्हता.

अगं बाई! तिचे डोळे एकदम भरून आले. काय माणूस आहे हा! एक शब्द बोलवत नाही आणि भिंत उरकू नये म्हणून अख्खा पत्रा वाया घालवतो! तिनं कोपऱ्यात नख घातलं आणि दिराला दिसायच्या आत फिल्म सर्रकन ओढून काढली. चुरगाळून बोळा केला. मग बाकीचे तुकडे सोलले, नेहमीसारखे, सावकाश.

भिंत उघडी पडली. करड्या उजेडात तिघंही तिच्यात दिसू लागले. टोकाचा एक तुकडा तेवढा ढग आल्यासारखा.

पिशवीची चेन लावता लावता धाकटा थांबला.

“दादा!”

कितीतरी दिवसांनी ती हाक आली. दादानं बाटली खाली ठेवली.

“तो उलटा लागलाय.”

“हो.”

“तू तर म्हणालास, वर आहे.”

“म्हणालो.”

धाकटा त्या तुकड्यासमोर जाऊन उभा राहिला. मोजा घातलेलं बोट सांध्यावरून फिरवलं. मग भिंतीतल्या भावाकडे बघतच राहिला.

“तुझा बाण चुकतो होय रे?”

“चुकलो,” दादा म्हणाला. मान खाली होती. “बाईंसमोर बोललो, तेही चुकलंच. जीभ हासडून टाकावीशी वाटते. तुला जायचंय तर जा. पण असा नको जाऊस.”

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. दोघांपैकी कोणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. आज त्यांना तिची गरज नव्हती.

धाकटा खाकरला.

“हा आता वाकल्याशिवाय निघायचा नाही. नवा लागेल. आणि त्याच लॉटचा, नाहीतर रंग जुळणार नाही.”

“बाईंना मी सांगतो, चूक माझी म्हणून. पत्रेवाल्याला तू विचार.” दादानं खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. “तुला नेमकं विचारता येईल.”

धाकट्यानं एका हातातला मोजा दातांनी ओढून काढला आणि फोन घेतला.

“हॅलो... हो, तोच करडा. त्याच लॉटचा बघा, मी थांबतो... आहे? मग बाजूला काढून ठेवा. नाही, पाठवू नका, तुमची पोरं ओढत आणतात.” त्यानं दादाकडे एकदा पाहिलं. “न्यायला आम्ही दोघं येतो.”