जावयाची चाकं

रिमवर टायर चढवणं म्हणजे सरळसरळ मारामारी. लोखंडी टॉमी घालून रबराची कड ओढायची, वर गुडघा रोवून बसायचं, घणाने हाणायचं. मग हवा भरली की ती कड रिमवर जाऊन बसते आणि असा काही बार उडतो की नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागे उडी मारतं. भिंगरीला हा बार भारी आवडायचा. बाबांच्या चाकांच्या दुकानात ती लहानाची मोठी झाली. चालायला लागल्यापासून एका जागी उभी म्हणून राहिली नाही, म्हणून भिंगरी.

यंदा शाळेत तिला कवायतीची प्रमुख केलं होतं. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करतानाही जिची बोबडी वळायची, ती भिंगरी आता मैदानाच्या या टोकाला उभी राहून "डावीकडे वळ!" अशी आरोळी ठोकायची आणि त्या टोकाची पोरं आधी वळायची, मग विचार करायची. "हा आवाज नाही, भोंगा आहे," असं कवायतीचे सर म्हणाले होते. भिंगरीने ते प्रशस्तिपत्रक म्हणून मनात टांगून ठेवलं. घरी मात्र एकच धोशा: हळू बोल, लोक ऐकतात. ऐकू देत की! फुकट तर आहे!

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आई कामावर गेली होती आणि भाऊजी ताईला घेऊन आले ते थेट दुकानातच. घरात पाणी प्यायलाही थांबले नाहीत. त्यांना पिकअपला मोठी चाकं बसवायची होती.

ती पिकअप म्हणजे काय चीज होती! गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, पावसाळ्यातल्या बेडकासारखी हिरवी. आजोबांच्या तरुणपणची गाडी. ताईने ती भंगारातून उचलून आणली होती आणि कॉलेज करता करता बाबांच्या मदतीने उभी केली होती. इंजिन तिने स्वतः खोललं, स्वतः जोडलं. लग्न झालं तेव्हा ताई त्याच गाडीत बसून सासरी गेली. आता ती भाऊजींची गाडी झाली होती. ताईसारखीच.

"या, या, जावईबापू!" बाबांनी फडक्याने खुर्ची पुसली. मग तेच फडकं कपाळावरून फिरवलं आणि कपाळाला काळा पट्टा ओढून घेतला. एरवी ताई यावर खदखदून हसली असती. आज ती तोंड मिटून हसली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधलेली होती.

"हे काय गं?" भिंगरीने विचारलं.

"दारात सापडली."

"कुठल्या दारात?"

"दारात म्हटलं ना! भोंगा बंद कर."

भाऊजी चाकांच्या मांडणीपुढे असे फिरत होते, जसे काही फौजेची पाहणी करायला आलेत. एक चाक काळं, जाड आऱ्यांचं. "हे काय, बैलगाडीला लावायचंय?" दुसरं सोनेरी. "नवरदेवाची गाडी वाटेल." तिसऱ्यापाशी थांबले. बावीस इंची, आरशासारखं चकचकीत, पातळ पातळ आऱ्यांचं. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना पसंत पडला.

"हेच! मेहुणीबाई, काय म्हणता?"

"म्हशीला पैंजण," भिंगरी म्हणाली.

भाऊजी हसले. पण हसताना त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि ताईने पटकन खाली पाहिलं. जणू म्हशीला पैंजण तीच म्हणाली होती.

ताई जुन्या सवयीने चाक उचलायला वाकली, तशी तिची बाही वर सरकली. कोपरापासून वरपर्यंत हात जांभळा पडला होता. चार बोटं आणि एक अंगठा, असा स्पष्ट ठसा. भिंगरीने तो पाहिला. तिने ताईला ओढत हवेच्या टाकीमागे नेलं.

"हेसुद्धा दारात सापडलं?"

ताईने बाही खाली ओढली. "मला परत जायचं नाही, भिंगरे. बाबांना सांग, मला इथेच ठेवून घ्या म्हणावं. मी सांगितलं तर ते लगेच त्यालाच विचारायला जातील. तू सांग. पण हळू."

भिंगरीने आयुष्यात पहिल्यांदा मन लावून हळू बोलायचा प्रयत्न केला. बाबा जॅकचा दांडा हलवत होते, गाडीचं नाक वर जात होतं. तिने त्यांच्या कानात सगळं सांगितलं. बाबांचा हात थांबला. मग परत हलायला लागला.

"बघू," ते पुटपुटले. "आधी चाकं होऊ देत. जावई खुशीत असले की बोलतो. नवरा-बायकोच्या भांडणात एकदम उडी घेऊन चालत नाही, बाळ."

"बाबा, भांडणात दोघं मारतात!"

"हळू बोल!"

त्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला चाक गाडीवर कसं दिसतं ते बघायचं असलं की चाक चढवून दोनच नट लावायचे, तेही नुसत्या बोटांनी. पसंत पडलं तर पाच नट पान्याने आवळायचे, नाहीतर काढायला सोपं. आणि शेवटचा नट आवळून होईपर्यंत गाडीची चावी बाबांच्या खिशात. कुणी कितीही मोठा असो. एकदा एका फौजदाराला बाबांनी उन्हात तिष्ठत ठेवलं होतं, पण चावी दिली नव्हती.

पुढची दोन्ही चाकं चढली. दोन-दोन नट, बोटांनी. बाबांनी जॅक उतरवला. पिकअप नाक वर करून उभी राहिली, एखाद्या ठेंगूने आईच्या उंच टाचांच्या चपला घालाव्यात तशी.

"वा! चावी आणा, जरा दिवे लावून बघू," भाऊजींनी हात पुढे केला.

बाबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच घुटमळला. भिंगरीने मान जोरात हलवली. पण जावयाने हात पुढे केलेला, त्यावर रिकामा हात कसा ठेवायचा? बाबांनी चावी दिली.

भाऊजी चालकाच्या जागेवर बसले. गोल डोळे पेटले. त्यांनी स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवलं.

ताई वाकून मडगार्डखाली बघत होती. ती जुनी ताई होती, गाडी दिसली की स्वतःला विसरणारी. "अहो, ही चाकं नाही चालायची. डावीकडे पूर्ण वळलं की टायर मडगार्डला खाणार. वळणावर चाक जाम होईल."

"तुला विचारलं?"

"नाही, पण मडगार्ड कापावं लागेल, आणि मी ते..."

भाऊजी खाली उतरले. शांतपणे उतरले, दार शांतपणे लावलं आणि ताईच्या थोबाडीत मारली. तो आवाज टायरच्या बारासारखाच होता, पण भिंगरीला तो मुळीच आवडला नाही. ताईचं डोकं पिकअपच्या हिरव्या पत्र्यावर आदळलं. बाबा पाना हातात धरून उभेच राहिले, एखादा खांब पाना धरून उभा राहावा तसे.

"चारचौघांत अक्कल शिकवते! बस गाडीत!"

भिंगरी धावली. काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं, पण पाय थांबले नाहीत. तिने भाऊजींच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. ते ओरडले, त्यांनी तिला दप्तरासारखा झोका देऊन फेकलं. ती पाठीमागच्या रिमांच्या चळतीवर जाऊन आपटली. चळत डगमगली आणि एकेक लोखंडी रिम तिच्या अंगावर, पायांवर, फरशीवर धडाधड कोसळलं. तोंडात रक्ताची खारट चव आली. जिभेने चाचपलं तर एक दात हलत होता.

तिने मान वर केली तेव्हा भाऊजी ताईला केसांना धरून गाडीत कोंबत होते.

"अहो... अहो, नट..." बाबा पुटपुटले. "जावईबापू, नट आवळलेले नाहीत..."

"नट म्हणे! थांबवायचे बहाणे मला शिकवू नका, सासरेबुवा. उरलेली दोन चाकं घरी पाठवून द्या!"

इंजिन गरजलं. ताईनेच जोडलेलं इंजिन, एका फटक्यात सुरू होणारं. पिकअप अंगणात उसळली. अंगणाच्या टोकाला फाटक, फाटकापुढे उतार, आणि उताराच्या तळाशी मोठा रस्ता. तिथे ट्रक एकामागून एक भरधाव चालले होते. गाडीचं पुढचं डावं चाक आत्ताच डुलायला लागलं होतं, दारुड्याच्या मानेसारखं. दोन नट. बोटांनी लावलेले. आणि त्याच चाकाच्या वर, काचेआड, ताई.

भिंगरीने श्वास घेतला. पोटापर्यंत, सरांनी शिकवला होता तसा. तोंडातलं रक्त थुंकली.

"ताईऽऽ! डावीकडेऽऽ वळ!"

रस्त्यापलीकडची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. ताईने विचार केला की नाही कोण जाणे. मैदानावरची पोरं कुठे करतात? ती झेपावली, बांधलेल्या बोटांसकट दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि सगळं अंग टाकून आपल्याकडे ओढलं. भाऊजींनी तिच्या पाठीत कोपर हाणलं, पुन्हा हाणलं. तिने सोडलं नाही.

टायर मडगार्डला खायला लागलं. पत्रा किंचाळला. रबराचा काळा धूर निघाला, चाक जाम झालं, ते दोन नट गोळ्यांसारखे सुटले आणि चकचकीत बावीस इंची चाक आऱ्या मोडत गाडीखालून बाहेर फेकलं गेलं. पिकअप नाकावर पडली. ठिणग्या उडवत, फरशी खरवडत फरफटली आणि फाटकाच्या दगडी खांबावर जाऊन थडकली. भाऊजींचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. इंजिन बंद पडलं. रस्त्यावरचे ट्रक आपले चाललेच होते.

ताईचं दार उघडलं. ती रांगत बाहेर आली. कपाळातून रक्त वाहत होतं, पण ती उभी राहिली.

दुसऱ्या दारातून भाऊजी उतरले. नाक एका बाजूला गेलं होतं, सदरा लाल झाला होता. त्यांनी गाडीच्या मागच्या हौद्यातून लोखंडी टॉमी उचलली. "माझी गाडी मोडतेस? आज तुला जिवंत..."

भिंगरीच्या डोळ्यांसमोर बावीस इंची चाक पडलं होतं. तीन आऱ्या मोडलेल्या, टायर अजून गरम. चाक उभं करून घरंगळवायचं कसं हे तिला पाढे पाठ व्हायच्या आधीपासून येत होतं. तिने ते उचलून उभं केलं, दोन पावलं धावली आणि ढकललं.

अंगण फाटकाकडे उतरतं. चाकाने वेग घेतला. भाऊजींना ते दिसलं तेव्हा टॉमी डोक्याच्या वर होती. चाक त्यांच्या गुडघ्यांवर असं बसलं की दोन्ही पाय एकदम गेले. ते तोंडावर आपटले, टॉमी खणखणत घसरत ताईच्या पायाशी आली, आणि त्यांनीच निवडलेलं चाक त्यांच्या पाठीवर आडवं झालं.

ताईने टॉमी उचलली.

भाऊजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी टॉमी वर नेली आणि खाली आणली, सगळा जोर लावून. भिंगरीने डोळे मिटले. लोखंड फरशीवर वाजलं. डोळे उघडले तर भाऊजींच्या कानाजवळची फरशी फुटली होती आणि भाऊजी रडत होते, हुंदके देत, लहान मुलासारखे.

"पुढचा घाव इतक्या लांब पडणार नाही," ताई म्हणाली.

"अहो, बघताय काय?" ते बाबांकडे बघून ओरडले. "सांगा ना तिला! तुमचीच मुलगी आहे!"

बाबा आले. खांबाला पाय फुटावेत तसे, जड जड. त्यांनी आधी गाडीत हात घालून चावी काढली. मग ते चाक बाजूला केलं. भिंगरीला क्षणभर वाटलं, आता बाबा जावयाला हात देऊन उठवणार, पाणी देणार, खुर्ची पुसणार.

"माझीच आहे," बाबा म्हणाले. "विसरलो होतो." त्यांनी चावी ताईपुढे धरली. "चाकं तिला पसंत नाहीत. तुम्ही चालत जा."

"गुडघा फुटलाय माझा!"

"मग रांगत जा. फाटक उघडंच आहे."

ते गेले. लंगडत, शिव्या देत, पोलिसांची धमकी देत. "आणाच पोलीस!" भिंगरी मागून ओरडली. "हिचा जांभळा दंड दाखवायचाय त्यांना!" रस्त्यापलीकडचे लोक गोळा झाले होते. सगळ्यांनी ऐकलं. भिंगरीला हळू बोल असं कुणी म्हणालं नाही.

बाबा ताईसमोर उभे होते, काहीतरी बोलायला तोंड उघडून. ताईने चावी घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि मडगार्डच्या फाटलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवू लागली.

"ठोकून सरळ होईल," ती म्हणाली. मग कपाळावरचं रक्त बाहीने पुसून ओरडली, अगदी जुन्या ताईसारखी, घणाच्या वर जाणाऱ्या आवाजात: "भिंगरे! जॅक आण! आणि माझी जुनी चाकं!"

भिंगरी लंगडत धावली. दात अजून हलत होता. मागून बाबा काहीतरी म्हणाले, तेव्हा ताई मागे न बघता म्हणाली, "नट तुम्ही द्या. आवळणार मी."