सैल राहिलेला पट्टा

वडवणीत म्हाळू मिस्तरीच्या हाताखालून गेलं नाही असं इंजिन नाही, असं लोक म्हणायचे आणि म्हाळूला ते ऐकायला आवडायचं. त्याचा बाप मेंढ्यांमागं फिरला, आजाही फिरला. म्हाळूनं मात्र बीडला एका गॅरेजात बारा वर्षं काढली आणि मग स्टँडजवळ स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. विहिरीवरची इंजिनं, जीपा, ट्रॅक्टर यांचा नुसता आवाज ऐकून तो खोट सांगायचा.

एक प्रकार मात्र त्याच्या हाताखालून गेला नव्हता, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याच्या जीपांना नि ट्रॅक्टरांना झडपांची वेळेवर उघडझाप करायला आत गिअर असायचे, नाहीतर साखळी. रबरी पट्ट्यावर टायमिंग चालणारं इंजिन त्यानं कधी खोललंच नव्हतं.

शहाण्णव साली रेवणसिद्ध आप्पांनी पुण्याहून जुनी मारुती आणली. आप्पांचं वडवणीच्या पेठेत कापडाचं दुकान. गावात चार-दोनच कार होत्या, त्यामुळं शेडसमोर गाडी उभी राहिली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशा हातात घेऊनच बाहेर आली.

"म्हाळू, आधीचा मालक म्हणला, टायमिंगचा पट्टा तेवढा बदलून घ्या," आप्पा म्हणाले. "तुला येतं ना रे? न्हाईतर बीडला नेतो."

दहा जणं ऐकत उभी होती. म्हाळू हात पुसत म्हणाला, "येतं की आप्पा. त्यात काय हाय!"

पट्टा आणायला तो बीडला धोंडीरामच्या दुकानात गेला. धोंडीराम स्पेअर पार्टचा जुना दुकानदार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बोलणारा. पट्टा पुढं सरकवत त्यानं विचारलं, "या गाडीचा लावला का कधी? ताण देताना जपावं लागतं बरं का. पट्टा चढवला की टेन्शनर ढिला सोडून क्रँक दोन फेरे हातानं..."

"धोंडीरामशेठ," म्हाळू हसून म्हणाला, "आता दुकानदारांनी मिस्तरीला शिकवायचं का?"

शेजारचं गिऱ्हाईकही हसलं. धोंडीरामनं चष्मा वर सरकवला आणि पट्टा कागदात गुंडाळून दिला.

दुसऱ्या दिवशी म्हाळूनं काम काढलं. पुढचं चाक उतरवलं, पुली काढली, पुढचं झाकण काढलं. जुना पट्टा पाठीवर भेगाळला होता. तो काढण्याआधी त्यानं वरच्या आणि खालच्या चक्रावरच्या खुणा जुळवल्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. एवढी अक्कल त्याला होती. नवा पट्टा चढवला, खुणा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या. मग मधल्या छोट्या पुलीचा, टेन्शनरचा, बोल्ट त्यानं जिथल्या तिथं कसला.

बोटानं दाबून बघितलं तर पट्टा आत गेला. चांगलाच गेला. पंख्याचा पट्टा असता तर त्यानं तो असा कधीच सोडला नसता. पण हा दात्यांचा पट्टा. जास्त ओढला तर तुटेल की काय? याला किती ताण लागतो? टेन्शनरला एक स्प्रिंग होती. ती कशासाठी आहे, तेही त्याला नीट उमगलं नव्हतं. आप्पा बाकावर बसून वाट बघत होते. विचारायला कुणी नव्हतं. म्हणजे होतं, बीडला. पण धोंडीरामला तर तो हसून आला होता. त्यानं झाकण लावून टाकलं.

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. आप्पा खूश झाले. हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "वा रे मिस्तरी!" म्हाळूच्या कानाला मात्र झाकणाआडून एक बारीक फटफट ऐकू येत होती. ती दुसऱ्या कुणाला कळली नाही.

पुढचे तीन आठवडे गाडी स्टँडवरून गेली की त्याचे कान टवकारले जायचे. आप्पांना एकदा हाक मारावी, गाडी अर्धा तास ठेवा म्हणावं, असं त्याला रोज वाटायचं. काय कारण सांगायचं, ते सुचायचं नाही.

कपिलधारची यात्रा आली. आदल्या दिवशी आप्पा स्वतः शेडवर आले. "म्हाळू, आईला दर्शनाला न्यायचीय. गाडी एकदा बघून घे."

म्हाळूनं बॉनेट उघडलं. ऑइल बघितलं, पाणी बघितलं, हवा भरली. झाकणाच्या बोल्टवर त्याचा हात गेला होता. "झालं का?" आप्पांनी विचारलं. त्यानं हात मागं घेतला.

"झालं, आप्पा. बिनघोर जावा."

मांजरसुंब्याच्या घाटात, चढावर, गाडीनं एक धक्का दिला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू झालं नाही. आप्पांची आई बसम्मा, पंच्याहत्तरीची, गुडघ्यांनी अधू. ती दोन तास उन्हात दगडावर बसून राहिली आणि शेवटी एका टेम्पोत ज्वारीच्या पोत्यावर बसून दर्शनाला गेली. गाडी तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला साखळीनं बांधून शेडसमोर आली.

म्हाळूनं झाकण काढलं तेव्हा आप्पा खांद्याशीच उभे होते. पट्टा सैल लोंबत होता. पांढरे ठिपके एकमेकांपासून लांब गेले होते. चक्राचे दाते सोडून पट्टा पुढं सरकला होता. तुटला नव्हता, झिजलाही नव्हता.

"काय झालं?"

"पट्टा डुप्लिकेट निघाला, आप्पा," म्हाळू म्हणाला. शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं, इतके ते सहज गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पा त्याला बरोबर घेऊनच बीडला गेले. धोंडीरामच्या दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. आप्पांनी पट्टा काउंटरवर आपटला. "धोंडीराम, माझी म्हातारी आई उन्हात रस्त्यावर बसली तुझ्या या मालापायी! कावून विकतो असली नकली चीज?"

धोंडीरामनं पट्टा हातात घेतला. बोटांमध्ये धरून हळूहळू फिरवला, एकेक दाता बघत. मग चष्म्यावरून त्यानं म्हाळूकडं बघितलं. पायरीवर उभा असलेला म्हाळू रस्त्याकडं बघू लागला.

"बदलून देतो," एवढंच धोंडीराम म्हणाला.

"वडवणीचं एक बी गिऱ्हाईक आता इथं येणार न्हाई, बघ तू!" आप्पा म्हणाले, आणि दुकानातला एक माणूस हातातलं सामान ठेवून खरंच बाहेर पडला. येताना बसमध्ये आप्पांनी म्हाळूच्या पाठीवर हात ठेवला. "तू कावून तोंड पाडून बसला? तुझा काय दोष त्यात?"

घरी आला तर भामाबाई, त्याची बायको, पुडी घेऊन उंबऱ्यात उभी होती. "बसम्माबाईंनी कपिलधारचा प्रसाद पाठवलाय. मिस्तरीला लई वाईट वाटत असंल, त्यानं जिवाला लावून घेऊ नको म्हणावं, असा निरोप हाय."

म्हाळूनं पुडी उघडली आणि परत मिटली. भामाबाईनं ताट वाढलं, तेही तसंच राहिलं. तिनं दोनदा विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं, भिंतीकडं तोंड करून.

तिनं ताट उचलून झाकून ठेवलं. मग म्हणाली, "पट्टा सैल ऱ्हायला ते ऱ्हायला. पण त्या माणसाला बोलणी कावून खाऊ घातली?"



सकाळच्या पहिल्या एसटीनं तो बीडला गेला. धोंडीराम शटर उघडत होता. म्हाळूनं तिथंच, रस्त्यावरच सांगितलं. "शेठ, पट्टा चांगला होता. मीच सैल लावला. मला येतच नव्हता."

"मला म्हाईत हाय," धोंडीराम शटर वर ढकलत म्हणाला. "एक दाता गेला नव्हता त्याचा."

"मंग तुमी बोलला का न्हाई?"

"आप्पा ऐकत होते का? अन् तू तिथंच उभा होतास. तुला तोंड न्हवतं का?"

म्हाळूनं हात जोडले. धोंडीरामनं ते हात खाली केले. माया म्हणून नव्हे, त्याला ते बघवेना म्हणून. "मला सांगून काय होतंय? माझी इज्जत चार लोकांत गेली. जा, चार लोकांत सांग."

त्या दिवशी वडवणीचा बाजार होता. आप्पांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा एका बाईला लुगड्याचा काठ दाखवत होते. म्हाळू दाराशी दोनदा जाऊन परत फिरला. तिसऱ्या वेळी आत शिरला आणि उभ्या उभ्याच, गरजेपेक्षा मोठ्यानं, बोलून गेला. पट्टा खरा होता. काम आपल्याला येत नव्हतं. सैल आहे हे त्याच दिवशी कळलं होतं. यात्रेच्या आदल्या दिवशी झाकण उघडलं नाही. धोंडीरामचा काही दोष नाही.

आप्पांच्या हातातला काठ तसाच राहिला.

"आई पोत्यावर बसून गेली, म्हाळू," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. मग लुगडं खाली ठेवत ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अन् मी त्या माणसाला काय काय बोलून आलो. आता कोणत्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

म्हाळूला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्याच्या खोटेपणाची लाज आता आप्पांच्याही वाट्याला आली होती.

आप्पा गेले मात्र. बीडला जाऊन त्यांनी धोंडीरामची माफी मागितली, आणि त्याच आठवड्यात धोंडीराम वडवणीला आला. गाडी खोललेलीच होती. तो स्टुलावर बसून सांगत गेला आणि म्हाळू करत गेला. हॉटेलातली माणसं पुन्हा बाहेर आली होती. या वेळी त्यांच्याकडं बघायची म्हाळूची छाती नव्हती.

"खुणा जुळल्या? आता टेन्शनरचा बोल्ट ढिला ठेव. स्प्रिंगला तिचं काम करू दे. पाना लाव, खालचा क्रँक हातानं फिरव. सरळच. उलटा फिरवू नको. एक फेरा. अजून एक. पट्ट्याचा सगळा ढिलेपणा एका बाजूला आला बघ. आता बोल्ट कस. पट्टा दोन बोटांत धरून पीळ देऊन बघ. पाव फेऱ्याइतकाच वळतो का?"

"वळतो," म्हाळू म्हणाला.

"खुणा परत बघ."

जुळल्या होत्या. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. बीडच्या काउंटरवर हसला नसता, तर तेव्हाच कळलं असतं.

गाडी चालू झाली. झाकणाआडून एकसारखा, भरीव आवाज आला. धोंडीरामनं मान हलवली. आप्पा गाडीत बसले, धोंडीरामला शेजारी बसवलं आणि चहाला घरी घेऊन गेले. म्हाळूला त्यांनी बोलावलं नाही. त्यानंतर गाडी बीडलाच दुरुस्तीला जाऊ लागली. वाटेत भेटले तर आप्पा मान हलवायचे, पण थांबायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात साखर कारखान्यातला एक क्लार्क तसलीच कार घेऊन शेडवर आला. पट्टा बदलायचा होता. "बदलता येतो ना?" त्यानं विचारलं.

म्हाळूचे कान तापले. "एकदाच लावलाय, साहेब. त्याआधी एकदा चुकलो होतो," तो म्हणाला. "ठेवायची तर ठेवा. मन धजत नसंल तर बीड जवळच हाय."

क्लार्क गाडीत बसून बीडकडं निघून गेला. म्हाळू आत गेला आणि अर्ध्यावर राहिलेला जीपचा क्लच खोलायला बसला.