मधोमध आलेलं टेंगूळ

धाकटीच्या पलंगाखालच्या ट्रंकेत तीन अर्धवट गोधड्या पडून होत्या. हौस दांडगी आणि चिकाटी बेताची, असा सगळा मामला. वरच्या मजल्यावरची थोरली जाऊ येत्या रविवारी लेकीकडे कायमची राहायला जाणार, हे कळलं आणि धाकटीने तिन्ही बाहेर काढल्या. पहिली नातवासाठी घेतलेली. नातवाला आता मिसरूड फुटलं होतं. दुसरीचे रंग बघूनच डोकं उठायचं. तिसरीला हात लावायचा धीर होत नव्हता, म्हणून तिने नेमकी तीच उचलली.

ती दोघी जावांनी मिळून शिवायला घेतली होती. लवकर उरकावी म्हणून एक या काठाला बसली, दुसरी त्या काठाला, आणि गप्पा हाणत, ओळीमागून ओळ घालत दोघी मध्याकडे सरकल्या. तसतसं जास्तीचं कापड पुढे ढकललं जात मधोमध येऊन साठलं. चांगलं टेंगूळ आलं. थोरली म्हणाली, तुझा हात ओढतो. धाकटी म्हणाली, तुमचा ढिला पडतो. शब्दाने शब्द वाढला, आणि तेव्हापासून जिन्यात गाठ पडली तर 'बरं आहे ना' एवढ्यावरच दोघींचं भागत आलं. मोठ्या शहाण्या बायका!

आता धाकटीने ते टेंगूळ तळव्याने दाबून पाहिलं, पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. इथे बसलं की तिथे उठायचं. चूण घालून जिरवायचं तर दोघींच्याही शेवटच्या ओळी उसवाव्या लागणार होत्या. स्वतःच्या तिने उसवल्या. थोरलीच्या टाक्यांना तिच्या माघारी कात्री लावणं मात्र तिच्या जिवावर आलं. शेवटी गोधडी काखोटीला मारून ती जिना चढली.

वर भिंतीशी खोकी रचलेली होती. थोरलीने गोधडी पाहिली, चष्मा लावला आणि आपल्या ओळी उसवायला बसली. चूण घातल्यावर कापड सपाट बसलं. मग दोघी एकाच बाजूला, मांडीला मांडी लावून शिवू लागल्या.

"चूक हाताची नव्हती, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "दोन टोकांकडून सुरुवात केली, तिथेच फसलं."

"ते मला दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं."

"मग खाली का नाही आलात?"

"तू लहान. म्हटलं, तूच येशील."

धाकटीची सुई थांबली. "आणि मी म्हणत होते, तुम्ही मोठ्या. तुम्हीच याल."

थोरली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. धाकटीलाही राहवलं नाही. जाऊ नका, असं ती सरळच म्हणाली. लेकीने खोली रंगवून ठेवली आहे, आता मोडता घालू नकोस, असं थोरलीने समजावलं. लेक गुणाची होती, पण शब्दाला शब्द देणारं तिथे कोणी नव्हतं, हेही तिने सांगून टाकलं.

संध्याकाळी शेवटची गाठ मारून झाली. गोधडीची घडी घालून धाकटीने ती थोरलीच्या खोक्यात ठेवली.

"आता आधी कोणी यायचं, ते आत्ताच ठरवू," थोरली म्हणाली. "पुढच्या महिन्यात तू ये."

"आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तुम्ही," धाकटी म्हणाली.