मीनलच्या स्कॉलरशिपचा सत्कार

"शाल-श्रीफळ कशासाठी? बाप बॉम्बस्फोटात गेला म्हणून पोरीचं अभिनंदन करायचंय का?" मी कमिटीत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, चंद्रशेखरनी, चष्मा पुसला.

"अगं सुलक्षणा, डोनर्सना दिसायला नको? फंक्शन केलं नाही तर नेक्स्ट इयर कोण देणार?"

कॉव्हेंट्रीतलं आमचं मंडळ म्हणजे उठसूट सत्कार. कुणी रिटायर झालं, सत्कार. कुणाची बायपास झाली, सत्कार. चीड येते.

माझ्या मैत्रिणीचा, वैजयंतीचा नवरा शशिधर कॉन्फरन्सला लंडनला गेला आणि स्टेशनात ठेवलेल्या बॉम्बमुळे परत आलाच नाही. त्र्याण्णवच्या दिवाळीत त्याला दोन वर्षं होत आली होती. त्यांच्या मुलीची, मीनलची, खाजगी शाळा वैजयंतीच्या एकटीच्या पगारात बसेना. मदत मिळाली नाही तर ख्रिसमसनंतर शाळा सोडायची, असं ठरलं होतं. म्हणून मीच सगळ्यांशी भांडून फंड काढला, अतिरेकी हल्ल्यात आई किंवा बाप गमावलेल्या मुलांसाठी. तिथे जिंकले आणि सत्कारापाशी हरले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. साडी दोनदा बदलली. चकल्यांचा डबा घरी राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो.

"काय झालंय तुला?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. गाडी चालवा तुम्ही."

स्टेजवर मीनलच्या खांद्यावरून शाल घसरत होती आणि नारळ कसा धरायचा ते तिला कळत नव्हतं. सोळा वर्षांची पोर, मान वर करत नव्हती. ह्यांनी पाकीट दिलं, टाळ्या झाल्या. मग स्टेजवरच्या बायकांना हळदीकुंकू लावायचं काम माझं. कमिटीतल्या तिघींना लावलं, मीनलला लावलं आणि माझं बोट वैजयंतीच्या कपाळासमोरून सरळ पुढे गेलं. पुढे कुणीच नव्हतं.

"मावशी," मीनल म्हणाली. माइक चालू होता. "तू आईला मिस केलं."

मला आता तरी लावता आलं असतं. कुंकू बोटावर तयार होतं, वैजयंती हातभर अंतरावर होती. पण हात वर उचलेना.

"असू दे गं," वैजयंती पुटपुटली.

मीनलने पाकीट माझ्या तबकात ठेवलं. "देन आय डोन्ट वॉन्ट इट." आईचा दंड धरून ती खाली उतरली आणि दोघी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन मी त्यांच्या दारात उभी. हे गाडीतच थांबले. वैजयंतीने दार उघडलं आणि पाकीट निमूट घेतलं.

"मीनलला मी समजावते. तिची शाळा सुटता कामा नये."

माझा जीव भांड्यात पडला. "वैजू, सवय गं नुसती. बोट आपोआप पुढे गेलं."

"पहिल्यांदा सवय, ते कळलं मला. ती बोलल्यावर का नाही लावलंस?"

"एवढे लोक समोर..."

"लोकांना तू कधीपासून घाबरायला लागलीस?"

कधीच घाबरले नव्हते. मी चुळबुळत राहिले, हातमोजे काढले, परत घातले. वैजयंतीची नजर माझ्या खांद्यावरून गाडीकडे गेली. हे तिथे बसून पेपर वाचत होते.

"त्यांना काही होईल असं वाटलं ना, मला लावलंस तर?"

वाटलं होतं. अगदी तेच वाटलं होतं. बॉम्ब ठेवणारे राहिले बाजूला आणि मी भ्याले ते वैजूला! सगळ्या कमिटीला शहाणपण शिकवणारी मी, मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी मान खाली घातली.

"जा आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ते वाट बघतायत तुझी."