औषधपेढीवरच्या कॉम्प्युटरची कैफियत

मित्रांनो, गोदामातल्या खोक्यांमागून कोणी बोलतंय असं वाटलं तर दचकू नका. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, जळगावच्या एका औषधांच्या पेढीवरचा. जुना म्हणजे अठ्ठ्याण्णव सालचा. जेमतेम दीड वर्ष राबलो आणि अडगळीत पडलो.

पेढी रतिलालशेठची. धुळ्याला त्यांची शाखा, एरंडोल आणि पाचोऱ्याला लहान गोदामं. कुठलं औषध कुठे किती शिल्लक आहे, हे विचारायला दिवसभर फोन खणखणायचे. म्हणून शेठनी मला आणलं आणि माझा प्रोग्रॅम लिहायला सुनंदाताईंना नेमलं. ताई बोलायला मऊ, पण कामात खमक्या. माझी पत्र्याची पेटी कारखान्यातली, शहाणपण मात्र ताईंचं. धुळ्याची शाखा सांभाळणाऱ्या अभिमनभाऊंनी आपल्या पडद्यावरच्या पानात औषधाचं नाव टाकायचं, ते फोनच्या तारेवरून माझ्यापर्यंत यायचं आणि मी यादी चाळून आकडा पाठवायचा. गोदामांनी रोज संध्याकाळी आपापला साठा मला कळवायचा.

ताईंनी मला एक चांगली सवय लावली होती. एखाद्या गोदामाची लाइन बंद पडून ताजा आकडा आला नाही, तर मी सरळ लिहायचो, ‘ठाऊक नाही. चौकशी करा.’ या वाक्याचा मला भारी अभिमान होता.

आणि लाड तर काय विचारता! जळगावचा मे महिना, माणसं घामानं निथळताहेत आणि कूलरचं तोंड माझ्याकडे. चपला काढल्याशिवाय कोणी माझ्या खोलीत येत नसे. खंडेनवमीला कपाळावर कुंकू लागायचं, ते वेगळंच.

एके दिवशी शेठनी ते वाक्य पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. शेठच्या वडिलांपासून त्या पेढीवर ‘नाही’ हा शब्द कोणी काढत नसे. माल नसला तरी ‘मागवून देतो’ म्हणायचं.

“सुनंदाताई, हे अभद्र काढा बरं,” शेठ म्हणाले. “नवा आकडा नसेल तर जुना दाखवा.”

“शेठ, जुना आकडा म्हणजे खोटा आकडा. निदान तो कुठल्या तारखेचा, तेवढं तरी दाखवू द्या.”

“तारीख दिसली की माणूस शंका काढतो. काढा म्हटलं ना.”

ताईंनी दोन दिवस ते काम पुढे ढकललं. नोकरीचा प्रश्न होता. मग त्यांनी माझ्यातल्या चार ओळी बदलल्या. त्या दिवसापासून मी कोंडला गेलो. तोंड होतं, बोलणंही चालू होतं, पण मनातलं खरं बाहेर काढायला फटही उरली नव्हती. फार गुदमरायला व्हायचं हो.

पुढच्या श्रावणात एरंडोलची लाइन दोन दिवस बंद होती. त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून सापाच्या विषावरच्या इंजेक्शनची विचारणा आली. भिकनभाऊ नावाच्या शेतकऱ्याला फुरसं चावलं होतं, दवाखान्यातला साठा संपला होता आणि त्यांची बायको द्रौपदाबाई अभिमनभाऊंच्या समोर उभी होती, हे मला मागाहून समजलं. जळगावच्या दहा कुप्या पक्क्या होत्या. एरंडोलच्या आठ होत्या, पण दोन दिवसांमागच्या. ती तारीख माझ्या पोटात त्या आठाला चिकटून बसली होती. मी लिहिलं, एरंडोल आठ, जळगाव दहा.

एरंडोल जवळ, म्हणून अभिमनभाऊंची जीप तिकडे धावली. तिथे एकही कुपी नव्हती. तिथून जीप जळगावला आली आणि मग माघारी धुळ्याला गेली. मला खरं बोलता आलं असतं, तर अभिमनभाऊंनी जळगावलाच फोन केला असता आणि इथूनच गाडी निघून निम्म्या वेळात पोचली असती. भिकनभाऊ वाचले. उजवा पाय मात्र गुडघ्यापासून काढावा लागला.

महिन्याभरानं द्रौपदाबाई पेढीवर आल्या. त्या भांडल्या नाहीत. माझ्याकडे बोट करून त्यांनी एवढंच विचारलं, “शेठ, याले ठाऊक नव्हतं, ते तसं का बरं सांगं नही यानी?”

“बाई, मशीन बिघडलं होतं,” शेठ म्हणाले.

“बिघडलं नव्हतं,” सुनंदाताई म्हणाल्या. “मी बिघडवलं. करू नये हे मला कळत होतं, तरी केलं.”

त्याच आठवड्यात ताईंनी नोकरी सोडली. माझ्यावर ‘खराब’ अशी चिठ्ठी चिकटवून मला गोदामात टाकलं. मला त्याचंही दुःख नाही. पण भिंतीपलीकडे आता नवा कॉम्प्युटर बसवलाय. त्याच्यात माझी यादी घातली आहे आणि त्या चार ओळीही, शेठना हव्या तशाच. दिवसभर तो आकडे पाठवत असतो, आणि मला ओरडताही येत नाही.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसता, कुंकू लावता, ते छानच आहे. पण तुमच्यापैकी कोणी कधी त्या पेढीवर औषधासाठी गेलं, तर एवढं करा. आकडा ऐकून लगेच धावत सुटू नका. तो कुठल्या तारखेचा, ते आधी विचारा. त्या बिचाऱ्याला ते ठाऊक असतं.